इनटेकचा आवाज खुलवायचाय? कोन फिल्टर सगळ्यात शेवटी

बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत गाडीच्या इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेचा, आवाज खुलवून घ्यायची हौस दांडगी आहे, आणि बहुतेकजण ती उलट्या क्रमाने भागवतात. आधी ऑनलाइन कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) मागवायचा, मग गॅरेजात नेऊन मूळ एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून टाकायचा आणि कोन इंजिनशेजारी उघडाच बसवायचा. आठवडाभर आवाज झकास वाटतो. नंतर एप्रिलच्या उन्हात पिकअप पडलेला असतो, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो आणि मूळ बॉक्स मिस्त्रीच्या भंगारात गेलेला असतो.

आवाजाचं बरंचसं काम मूळ बॉक्स जागेवर ठेवून होतं. खालचा क्रम पाळा. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी चालवून ऐका आणि आवाज मनासारखा झाला की तिथेच थांबा. पुढचे टप्पे केलेच पाहिजेत असं काही नाही.

आधी ठरवा: तुमच्या इंजिनातून काय निघेल?

इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टनने हवा ओढली की पाईपमध्ये दाबाची एक लाट उलट दिशेने, म्हणजे फिल्टरच्या तोंडाकडे धावते. या लाटा म्हणजेच इनटेकचा आवाज. थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप, मिटलेला असताना त्या आतच अडतात. म्हणून स्लोवर, म्हणजे पेडलला पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी मुकी असते आणि पाय दाबला की घुमते. हा आवाज पुढून येतो आणि मुख्यतः चालवणाऱ्याच्या कानावर पडतो. मागच्या गाडीवाल्याला ऐकवायचा असेल तर ते सायलेन्सरचं काम. तो विषय वेगळा आहे आणि पोलिसांच्या डोळ्यांत लगेच भरणाराही.

टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन या कामाला सगळ्यात चांगलं. तीन सिलिंडरचं असेल तर सूर खालचा आणि थोडा खडबडीत येतो. काहींना तोच आवडतो. टर्बो पेट्रोलमध्ये लाटा कंप्रेसरमध्येच मोडतात, त्यामुळे गुरगुर फारशी वाढत नाही. शिट्टी आणि पाय उचलल्यावरचा 'फुस्स' मात्र स्पष्ट ऐकू येतो.

डिझेलवाल्यांनी फार आशा ठेवू नये. डिझेलची टकटक ज्वलनातून येते, इनटेकमधून नाही. पाईप बदलून टर्बोची शिट्टी वाढेल, बाकी काही बदलणार नाही.

थांबा: गाडीला जुन्या पद्धतीचं सीएनजी किट असेल, ज्यात गॅस थ्रॉटलच्या आधी मिक्सरमधून हवेत मिसळतो, तर इनटेकला हात लावू नका. अशा किटमध्ये बॅकफायर झाला की इनटेकमधलं गॅस-हवेचं मिश्रण पेटतं आणि एअर बॉक्स फुटतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या किटमध्ये हा धोका बराच कमी असतो, तरी ट्यूनिंग करणाऱ्याला आधी विचारा.

१. कागद आणि कायदा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण पाना उचलण्याआधीच करायचा आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर पॅनल फिल्टर, म्हणजे मूळ बॉक्समध्येच बसणारा सपाट फिल्टर, बदलण्याच्या पुढे जाऊ नका. इंजिनाचं कुठलंही काम निघालं की कंपनीचा माणूस सर्वांत आधी बोनेट उघडून बदललेला पाईप बघतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९० लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र ठरण्याची तरतूद आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे तो सारखाच.

आपल्याकडे घरात एक गाडी केए बावीस-तेवीसची आणि दुसरी एमएच नऊची, हे नेहमीचं चित्र. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि तेव्हा ती तपासली जाते. म्हणून या लेखातला एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा: मूळ स्थितीत परत आणता येणार नाही असं काहीही कापू नका, भोक पाडू नका, वितळवू नका.

२. आजची गाडी नोंदवून ठेवा

"आधी असा आवाज नव्हता" असं सगळे म्हणतात, पण आधीचा आवाज कोणाकडेच नसतो. मोबाईल एका ठरलेल्या जागी ठेवा (हँडब्रेकजवळची खाच चांगली), काचा बंद करा, मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ४,००० आरपीएमपर्यंत गाडी नेऊन रेकॉर्ड करा. रस्ता लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक चाचणी तिथेच करायची. महामार्गावर ही चाचणी करू नका. ऊसहंगामात जोडट्रॉलीचे ट्रॅक्टर दिव्यांशिवाय येतात.

ओबीडीत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटमध्ये, लावायचं ब्लूटूथ यंत्र घ्या. मोबाईलवर तीन आकडे बघायला शिका: आत येणाऱ्या हवेचं तापमान, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा. गाडी पूर्ण तापल्यावर स्लोवर आणि ६० च्या वेगाने जाताना हे आकडे लिहून ठेवा.

तपासा: दोन्ही ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर उणे-अधिक १० टक्क्यांत असावी. आत्ताच ती अधिक १५ वर असेल तर गाडीत आधीपासून कुठेतरी चोरहवा, म्हणजे फटीतून न मोजलेली हवा, शिरते आहे. आधी तो दोष काढा. दोषावर बदल चढवला की कशामुळे काय झालं हे नंतर कोणालाच शोधता येत नाही.

प्लग, थ्रॉटल बॉडी आणि सध्याचा फिल्टर याच वेळी पाहून घ्या. कोंदलेला फिल्टर बदलल्यावर मोकळा झालेला आवाज नव्या पार्टाच्या नावावर खपवला जातो. दुकानदारांची ती आवडती जादू आहे.

३. हवेची वाट हाताने शोधा

इंजिन थंड असताना बोनेट उघडा आणि हवा जिथून आत शिरते तिथून बोट फिरवत थ्रॉटलपर्यंत या. साधारण क्रम असा असतो: पुढच्या जाळीमागचं तोंड, म्हणजे स्नॉर्कल, एअर बॉक्सचा खालचा भाग, फिल्टर, बॉक्सचं झाकण, काही गाड्यांत झाकणालगत हवा मोजणारा मॅफ सेन्सर, मग रबरी किंवा प्लास्टिकचा पाईप, आणि शेवटी थ्रॉटल बॉडी. प्रत्येक जोडाचा फोटो काढा. कप्लर, म्हणजे सेन्सरच्या वायरचा जोड, कुठे कसा बसतो त्याचा जवळून घ्या.

तुमच्या गाडीत मॅफ आहे की मॅप, हे इथेच समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मॅफ सेन्सर फिल्टरनंतरच्या पाईपमध्ये बसतो आणि जाणारी हवा प्रत्यक्ष मोजतो. मॅप सेन्सर थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डवर असतो आणि दाबावरून हवेचा हिशोब काढतो. मॅपच्या गाड्या पाईपमधले बदल बऱ्यापैकी सहन करतात. मॅफच्या गाड्या करत नाहीत.

आता रेझोनेटर शोधा. पाईपला किंवा बॉक्सला चिकटलेला, दुसरीकडे कुठेही न जाणारा बंद डबा म्हणजे रेझोनेटर. कधी तो पाईपवर फुगवट्यासारखा असतो, कधी पुढच्या चाकाच्या मडगार्डमध्ये लपलेला. ठरावीक कंपनांच्या लाटा त्याच्यात शिरून उलट्या फिरतात आणि पाईपमधल्या लाटांना मारतात. तुम्हाला हवा असलेला आवाज कंपनीने बराचसा इथेच गिळून टाकलेला असतो.

थांबा: या कामातली सगळ्यात महागडी चूक इथे होते. सिलिंडर हेडच्या झाकणावरून इनटेकच्या पाईपला येणारी नळी म्हणजे ब्रीदर. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या भागातला, वायू तिच्यातून इनटेकमध्ये जातो. रेझोनेटर समजून ही नळी बूच मारून बंद केली की आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून तेल गळू लागतं. "मग उघडी सोडतो" हाही इलाज नाही: तेलाचा धूर बोनेटखाली पसरतो आणि तुटलेल्या जोडातून न मोजलेली, न गाळलेली हवा आत जाते. ओळखायची खूण सोपी आहे. रेझोनेटर आंधळा असतो, तर ब्रीदरचं दुसरं टोक इंजिनावर जातं. दुसरं टोक डोळ्यांनी दिसेपर्यंत काहीही उपटू नका.

४. रेझोनेटर बाजूला काढा

हा सगळ्यात स्वस्त टप्पा, आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत आवाजाला सगळ्यात जास्त फरक पाडणाराही हाच.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेझोनेटरचा क्लॅम्प किंवा लॉक ढिला करून डबा सरळ ओढून घ्या. रबर जुनं असेल तर हाताने पिळत काढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की प्लास्टिकचं तोंड तडकतं आणि पाईपच बदलायची वेळ येते. उघड्या तोंडाचा व्यास मोजा, तेवढ्या मापाची जाड रबरी टोपी चढवून वर क्लॅम्प कसा. टोपी आत ढकलण्याची नको, बाहेरून चढणारी हवी. आत ढकललेलं बूच एखाद्या दिवशी इंजिन ओढून घेतं. चिंधी, एम-सील, चिकटपट्टी, कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण हे सगळं गाड्यांत सापडतं आणि यातलं काहीही चालत नाही.

रेझोनेटर पाईपमध्येच ओतलेला असेल, तर तो कापू नका. त्याच गाडीचा जुना पाईप भंगारबाजारातून आणा, कलाकारी त्याच्यावर करा आणि मूळ पाईप जपून ठेवा.

तपासा: गाडी चालू करून टोपीभोवती साबणाचं पाणी लावा. पाणी आत ओढलं जात असेल तर टोपी सैल आहे. मग ठरलेल्या रस्त्यावर ठरलेली चाचणी करून रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी ऐका. निम्म्या लोकांचं समाधान इथेच व्हायला हरकत नाही. झालं असेल तर पाने आवरा.

एअर बॉक्सला भोकं पाडण्याबद्दल. पाडू नका. झाकणाला आठ-दहा भोकं पाडली की आवाज मोठा होतो, हे खरं आहे. पण बहुतेक गाड्यांत झाकण ही फिल्टरनंतरची, म्हणजे स्वच्छ बाजू असते. तिथलं भोक म्हणजे खानापूरच्या विटभट्ट्यांच्या रस्त्यावरची लाल माती थेट सिलिंडरमध्ये. खालच्या भागाला पाडली तर धूळ निदान फिल्टरवर अडते, पण इंजिनाची गरम हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही आत येतं.

५. पॅनल फिल्टर

मूळ बॉक्समध्येच बसणारा सपाट फिल्टर बदलला की आवाजात थोडा मोकळेपणा येतो. थोडाच. पाकिटावर लिहिलेल्या हॉर्सपॉवरवर विश्वास ठेवून घेऊ नका.

बाजारात दोन प्रकार जास्त दिसतात: तेल लावलेला सुती आणि कोरडा. मॅफच्या गाडीला कोरडाच घ्या. सुती फिल्टर धुतल्यावर हौसेने जास्त तेल ओतलं जातं, ते उडून सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं आणि सेन्सर हवा चुकीची मोजू लागतो. मॅपच्या गाडीला सुती चालतो, पण तेल घड्यांवरून एकेक पातळ रेघ एवढंच. वीस मिनिटं थांबा, पांढरी राहिलेली जागाच पुन्हा भिजवा.

धुतलेला फिल्टर सावलीत, आपणहून वाळू द्या. कंप्रेसरच्या हवेने धागे फाटतात आणि फाटलेलं डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोल पंपावरचा हवावाला "साहेब, मारून देऊ का?" म्हणेल, नाही म्हणा.

आपल्या पट्ट्यात धूळ एका प्रकारची नाही. खानापूर-जांबोटीकडे लाल, चिकोडी-अथणीकडे काळ्या रानाची, आणि गाळप सुरू झालं की साखर कारखान्यांच्या परिसरात वरून राखही. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं अंतर साधारण रस्त्यांसाठी असतं. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने त्याच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून बघावा.

तपासा: नवा फिल्टर लावून काही दिवस गाडी चालली की झाकण उघडा आणि फिल्टरनंतरचा पाईप आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं लाल किंवा काळं झालं तर फिल्टरची कड नीट बसलेली नाही. झाकणाच्या चारही क्लिपा बसल्यात का बघा. मागची, हात न पोहोचणारी क्लिप अर्धवट अडकलेली असणं हेच बहुतेकदा कारण निघतं.

६. पाईप आणि कोन, हवाच असेल तर

अजून समाधान नसेल तर आता खरा खर्च आणि खरा धोका सुरू होतो. हे काम उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा पावसात काढू नका. दसऱ्यानंतरचे दोन-तीन महिने बरे.

*माप.* मूळ पाईपचा आतला व्यास कॅलिपरने मोजा, बाहेरचा नाही. उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडे गेलात तर तो म्हणेल, "तीन इंची पडलाय, तोच बसवून देतो." तीन इंच म्हणजे ७६ मिमी. तुमच्या मॅफचं घर ७० मिमीचं असेल आणि सेन्सर या ७६ मिमीच्या पाईपला लावला, तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता सेन्सरसमोरून हळू जाते, तो साधारण १५ टक्के कमी मोजतो आणि इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं. साध्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही तूट बरीचशी भरून काढतो. पूर्ण पाय दाबल्यावर तो हिशोब बाजूला पडतो आणि नेमक्या त्याच वेळी, जास्तीत जास्त ताणाखाली, इंजिन अर्धपोटी चालतं. याने पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचू शकतं. म्हणून मॅफच्या गाडीत सेन्सर त्याच्या मूळ घरासकट वापरा, हवेची दिशा दाखवणारा बाण थ्रॉटलकडे ठेवा आणि सेन्सरच्या अगदी आधी वाकण येऊ देऊ नका.

*साहित्य.* ॲल्युमिनियमचा पाईप, जोडांना सिलिकॉन होज. शेतावर उरलेला पीव्हीसी पाईप तापवून वाकवायचा आणि काळा रंग मारायचा, हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. इंजिन तापवून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बोनेटखाली, एक्झॉस्टच्या बाजूला ते तापमान सहज गाठलं जातं. मऊ पाईप पोटात ओढला जाऊन चपटा होतो किंवा जोडातून निसटतो.

पाईपच्या दोन्ही टोकांना उंचवट्याची कड काढून घ्या, म्हणजे होज घसरत नाही. कापलेल्या कडा आतून-बाहेरून कानशीने साफ करा, पाईप साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि उजेडासमोर धरून आतून बघा. ॲल्युमिनियमचा एक कीस टर्बोच्या पात्यात गेला तर टर्बो संपला. टर्बो नसेल तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

*तापमानाचा सेन्सर.* काही गाड्यांत आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा वेगळा छोटा सेन्सर मूळ बॉक्समध्ये असतो. त्याच्यासाठी नव्या पाईपला रबर ग्रोमेटसह जागा करा. कप्लरला लोंबकळत सोडला की तो बोनेटखालची हवा मोजतो आणि कॉम्प्युटर चुकीचा निर्णय घेतो.

*उष्णता.* बाहेर ३० अंश असताना उघडा कोन ६० अंशांची हवा ओढत असेल, तर त्या हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. आवाज वाढला आणि गाडी मंदावली, ही तक्रार इथून येते. कोनाभोवती पत्र्याची पेटी करा, बोनेटला टेकणाऱ्या कडेला रबर लावा आणि जाळीमागून येणारा मूळ स्नॉर्कल त्या पेटीत सोडा. कोन खाली बंपरच्या कोपऱ्यात नेला तर हवा गार मिळते, पण आपल्या पावसाचं काय, ते शेवटच्या टप्प्यात येतंच आहे. माझं मत विचाराल तर या भागात तो पर्याय घेऊच नये.

*जोडणी.* सगळे जोड आधी सैल बसवा. पाईप बोनेटला, बॅटरीला, रेडिएटरच्या नळीला कुठे घासत नाही ना ते पाहा. पाय दाबल्यावर इंजिन माउंटिंगवर डुलतं, म्हणून चहूबाजूंनी बोटभर जागा सोडा. पाईपला बॉडीशी धरणारा ब्रॅकेट रबर बुशवरच हवा. कडक बोल्ट मारला की काही महिन्यांत वेल्डिंग तडकतं. मग थ्रॉटलकडून सुरुवात करून फिल्टरकडे क्लॅम्प कसत या. ब्रीदरची नळी नव्या पाईपला, मॅफ आणि थ्रॉटलच्या मध्ये, मूळ व्यासाच्याच तोंडावर जोडा. क्लॅम्प ताकद लावून आवळू नका. पट्टा सिलिकॉनमध्ये रुतून त्याला कापतो.

७. पहिला स्टार्ट

बॅटरी जोडा. चावी चालू करून थोडं थांबा, दिवे पाहा, मग स्टार्टर मारा. पहिल्याच क्षणी रेस देऊ नका. गाडी स्लोवर पूर्ण गरम होऊ द्या, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत.

आता जोडांवर साबणाचं पाणी. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची मेकॅनिकांची सवय तापलेल्या एक्झॉस्टजवळ आगीला आमंत्रण आहे, ती टाळा. नंतर पाईप हाताने हलवा. हलवताना स्लो बदलला तर जोड सैल.

ओबीडीवर जुन्या आकड्यांशी ताडून बघा. स्लोवर ट्रिम खूप अधिक आणि वेग वाढल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी चोरहवा आहे. वेगातही अधिकच राहत असेल तर मॅफ कमी मोजतोय, म्हणजे पाईपच्या मापाचा घोळ. 'पी ०१७१' हा कोड मिश्रण पातळ झाल्याचं सांगतो. 'पी ०१०१' आणि 'पी ०१०२' मॅफचे. 'पी ०११३' आला तर तापमानाच्या सेन्सरचा कप्लर बहुधा लावायचाच राहिलाय. कोड पुसून पुढे जाऊ नका. पुसल्याने दिवा जातो, कारण जात नाही.

थांबा: चढावर पाय दाबल्यावर धातूवर खडे पडल्यासारखा टिकटिक आवाज आला, तर ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी पेटणं, आहे. पाय उचला, सावकाश परत या आणि मूळ बॉक्स चढवा. कारण सापडेपर्यंत तवंदी घाटात "एकदा बघूया" म्हणून जाऊ नका.

शंभरेक किलोमीटरनंतर थंड इंजिनावर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा. नवं सिलिकॉन दबतं आणि पहिल्यांदा कसलेले क्लॅम्प ढिले पडतात.

८. आवाज डोक्यात जायला लागला तर

ठरावीक वेगाला केबिनमध्ये 'घूंऽऽ' असा एकसुरी आवाज भरत असेल, तर आरपीएम लिहून घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा स्फोट होतात, म्हणजे १०० हर्ट्झ. सुमारे ८५ सेंटिमीटर लांबीची, एका बाजूला बंद नळी नेमक्या याच सुराला घुमते. इनटेक इतका सरळसोट नसतो, पण हिशोबाची दिशा हीच: पाईप थोडा लांब किंवा आखूड केला की घुमण्याचं आरपीएम सरकतं. महामार्गावर तुम्ही रोज ज्या वेगाने जाता तिथून ते दूर न्या. तेही जमलं नाही तर काढून ठेवलेला रेझोनेटर परत लावा. कंपनीने तो उगाच लावलेला नव्हता.

९. मृगाआधी मूळ बॉक्स परत

कणकुंबी-जांबोटीचा पाऊस, चोर्ल्याच्या रस्त्यावरचं धुकं आणि उडणारं पाणी, इकडे दूधगंगा-वेदगंगेवरचे बुडणारे पूल. यमगर्णीजवळ तर महामार्गावरच पाणी आलेलं निपाणीकरांनी पाहिलंय. अशा भागात कोन लावलेली गाडी पावसात वापरू नये. पॅनल फिल्टर आणि टोपी लावलेला मूळ बॉक्स मात्र चालतो, कारण स्नॉर्कलचं तोंड उंचावरच राहतं.

किती पाणी पुरतं याचा अंदाज घ्या. १,२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचे ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर आल्यावरची जागा यांचं प्रमाण) ११ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरते फक्त ३० सीसी जागा. म्हणजे मोठे दोन चमचे पाणी आत गेलं की पिस्टनला जागाच उरत नाही. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कोनावर घालायची पाणीरोधक टोपी शिंतोडे अडवते. बुडालेल्या फिल्टरला तिचा उपयोग नाही.

थांबा: पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नका, ढकलून गिअरमध्ये सोडू नका. चावी बंद करा, गाडी ओढून बाहेर काढा. फिल्टर ओला असेल तर मेकॅनिककडून प्लग काढून इंजिन हाताने फिरवून घ्या. पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येतं. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून पुन्हा फिरवा, इंजिन ऑइल दुधाळ झालंय का बघा, आणि झालं असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका.

काढलेला कोन धुवून, वाळवून पिशवीत बांधा. उंदीर सुती फिल्टर आवडीने कुरतडतात. पाईपची दोन्ही तोंडं फडक्याने बंद करा. क्लॅम्प, ग्रोमेट आणि ब्रॅकेटचे बोल्ट त्याच पिशवीत घाला आणि वर गाडीचा नंबर लिहा. दसऱ्याला पुन्हा चढवताना सातव्या टप्प्यापासून सगळी तपासणी नव्याने करायची आहे.